तुकडा घ्या, पण मागून घ्या

कुंभकोणम, जि. तंजावर

प्रति,
गर्भाशयाच्या स्नायूवर संशोधन करणारे डॉक्टर, त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक आणि अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांचे सन्माननीय सदस्य यांस,



पत्राला निमित्त असे झाले. आमच्या ओळखीतल्या एका गलाईवाल्या कुटुंबातल्या सुनेचे सिझर झाले. टाके दाखवायला गेलो तेव्हा पीजी करणारी एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन आली आणि आधीची पाळी, आधीचा गर्भपात असे काहीबाही विचारू लागली. मी दुभाषी म्हणून सोबत होते. "हे कशासाठी?" म्हणून विचारले, तेव्हा कळले की सिझरच्या वेळी गर्भाशयाचा एक बारीक तुकडा थिसिससाठी काढून ठेवला आहे. सुनेला याचा पत्ताच नव्हता. फॉर्मवर सही होती ती तिच्या नवऱ्याची. फॉर्म तमिळमध्ये. नवऱ्याला तमिळ दुकानापुरते बोलता येते, वाचता येत नाही. त्या डॉक्टर मुलीला मी दोष देत नाही. तिला जसे शिकवले तसे तिने केले. इस्पितळाचे नावही लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका इस्पितळाबद्दल नाही, आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या रीतीबद्दल आहे.

माझी ओळख थोडक्यात. मी मूळची खानापूर तालुक्यातली. मिरजेत नर्सिंग शिकले आणि लग्न होऊन कुंभकोणमला आले. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात तमिळनाडूत गावोगाव पसरली आहेत, हे सांगली जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. माझे सासर त्यातलेच. इथल्या खासगी दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये आणि थिएटरमध्ये मी नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडच्या बायकांबरोबर दवाखान्यात जाते. त्यामुळे टेबलावर पडलेल्या बाईला काय कळते आणि टेबलाशी उभे असलेल्यांना कशाची घाई असते, हे दोन्ही मला ठाऊक आहे.

अलीकडे आपल्या चर्चांमध्ये एक चांगला विषय आला आहे: गर्भाशयाचा स्नायू संशोधनाला हवा असेल, तर तो कमीत कमी इजा करून कसा मिळवायचा. बारीक सुई, दुर्बीण, सोनोग्राफीत बघत आत नेलेला चिमटा, असे पर्याय पुढे येत आहेत. त्याचे स्वागतच आहे. माझे म्हणणे इतकेच, की इजा नुसती मिलिमीटरमध्ये मोजून भागत नाही. बाईला केव्हा विचारले, काय सांगितले, तुकडा घ्यायची खरोखर गरज होती का आणि पुढे त्याचे काय झाले, हेही त्याच इजेच्या हिशेबात धरायला हवे.

संशोधन नकोच, असे म्हणणारी मी नाही. बाळंतपणानंतर अंगावरून जाणारे रक्त मी पाहिले आहे. वार पडते, सगळे हुश्श करतात, आणि दहा मिनिटांत चादर भिजते. हात पोटावर ठेवला तर गर्भाशय घट्ट गोळा व्हायला हवे, ते कणकेसारखे मऊ लागते. अशा रक्तस्रावाच्या दहातल्या साधारण सात प्रसंगांत मूळ कारण हेच असते: स्नायू आवळत नाही. उलट बाजूला, वेळेआधीच आवळू लागणारा स्नायू. २०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३०.२ लाख बाळे दिवस पुरे होण्याआधी जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. म्हणजे एक स्नायू, आणि त्याचे दोन हट्ट. केव्हा सुरू व्हायचे आणि केव्हा घट्ट राहायचे, हे तो कसे ठरवतो, याचे पुरे उत्तर अजून मिळालेले नाही. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले. त्या अर्कातले ऑक्सिटोसिन व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज प्रत्येक लेबर रूमच्या फ्रिजमध्ये ते इंजेक्शन असते. तरी ते एका बाईला लागू पडते आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला पडत नाही, असे का, हे सांगायला आम्हा नर्सना अजून कुणी आलेले नाही.

हे शोधायला जिवंत स्नायू लागतो, हेही मला समजते. सिझरमध्ये बाळ आणि वार बाहेर आल्यावर छेदाच्या वरच्या काठाचा, साधारण एक घन सेंटीमीटरचा तुकडा कापतात आणि थंड क्षारद्रावणात ठेवून प्रयोगशाळेत पळवतात. तिथे त्याच्या बारीक पट्ट्या करून ३७ अंशांच्या द्रावणात टांगतात. खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतात, वरचे टोक ताण मोजणाऱ्या यंत्राला बांधतात. थोड्या वेळाने पट्टी आपली आपण आवळू लागते. आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते. कागदावर डोंगर-दऱ्यांची ओळ उमटत राहते. बाई वॉर्डात बाळाला पाजत असते आणि तिच्या कळा दुसऱ्या इमारतीत तासन्‌तास चालू असतात. मेंदू नाही, नस जोडलेली नाही, तरी स्नायू आपले काम विसरत नाही. ज्याने हे पाहिले त्याला संशोधनाचा ओढा का वाटतो, ते मला कळते. म्हणूनच पुढच्या तक्रारी शत्रू म्हणून मांडत नाही.

पहिली तक्रार शास्त्राचीच आहे. ज्या बाईच्या कळा समजून घ्यायच्या, तिचा स्नायू तुमच्याकडे जवळजवळ येतच नाही. आपले बहुतेक नमुने सिझरचे. सिझर होते कुणाचे? जिच्या कळा पुढे सरकल्या नाहीत तिचे, जिच्या बाळाचे ठोके पडले तिचे, किंवा जिला कळा आल्याच नाहीत आणि तारीख देऊन घेतले तिचे. आपण होऊन, नीट, वेळेवर बाळंत झालेली बाई या सगळ्यात कुठे आहे? शिवाय तुकडा येतो तो गर्भाशयाच्या खालच्या भागातून. हा भाग पातळ, त्यात स्नायू कमी आणि तंतू जास्त. आधी सिझर झालेले असेल तर तिथे जुना व्रणही असतो. रक्त थांबवायची मुख्य जबाबदारी वरच्या जाड भागाची. त्यातून सिझरच्या बाईला बऱ्याचदा आधीच तासन्‌तास ऑक्सिटोसिनचे सलाइन लावलेले असते, म्हणजे स्नायू थकलेला आणि औषधाला सरावलेला. अशा तुकड्यावरून साऱ्या बाळंतिणींचा निष्कर्ष काढायचा, हे आमच्या वॉर्डातल्या अनुभवी आयेलाही पटणार नाही.

तमिळनाडूत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार इथली ९९.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, आणि एकूण बाळंतपणांतली ४४.९ टक्के सिझरने. खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ६३.८ टक्के. महाराष्ट्रात एकूण २५.४ टक्के. म्हणजे इथे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या आईच्या गर्भाशयापर्यंत सुरी पोचलेलीच आहे, आणि संशोधकाला नमुना मिळणे सोपे झाले आहे. सोपे आहे म्हणून घ्यायचे, ही सवय मोडायची तर सिझरवाचूनचे मार्ग शोधायला हवेत. तसे प्रयत्न झालेले आहेत. ब्रोसेन्स आणि बार्कर यांनी १९९५ मध्ये सुईने गर्भाशयाच्या भिंतीचे तुकडे घेऊन ॲडेनोमायोसिस या गर्भाशयाच्या आजाराचे निदान कितपत होते ते तपासले. इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या गटाने २००२ मध्ये, वार जिथे चिकटलेली असते त्या जागेचे तुकडे पंच बायोप्सीच्या चिमट्याने घ्यायची पद्धत मांडली. बाळंतपणानंतर गर्भाशयाचे तोंड उघडेच असते. सोनोग्राफीत बघत तिथून चिमटा आत नेता येतो आणि पोट फाडावे लागत नाही. याच वाटेने नॉर्मल बाळंत झालेल्या बाईचा स्नायूही अभ्यासाला येऊ शकतो.

पण इथेच माझी विनंती आहे. सिझरमध्ये पोट उघडलेलेच असते, शिवताना एक टाका कमी-जास्त. नॉर्मल बाळंत झालेल्या बाईला मात्र कुठलाच छेद नाही. तिच्या आत चिमटा घालायचा म्हणजे तिच्यासाठी ते नवे कृत्य. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित भिंतीला भोक, हे धोके लहान असले तरी तिच्यासाठी नवेच. आणि त्याच गर्भाशयात तिला कदाचित आणखी एक बाळ वाढवायचे आहे. म्हणून अशा पद्धती आधी थोड्या, राजी असलेल्या बायकांवर, अनुभवी हातांनी आणि रक्त मोजत वापराव्यात. थिसिसची तारीख जवळ आली म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती चिमटा देऊ नये. बायोप्सीनंतर त्रास झालाच, तर उपचाराचा खर्च कोण देणार, हेही फॉर्मवर नावानिशी लिहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआरच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनामुळे झालेल्या इजेची भरपाई सांगितलेलीच आहे. ती बाईला कळेल अशा शब्दांत यावी, एवढेच मागते.

दुसरी तक्रार विचारण्याच्या वेळेची. कळा घेणाऱ्या बाईपुढे कागद धरून सही घेतलेली मी पाहिली आहे. एका हाताने खाटेची दांडी घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात पेन. त्या क्षणी तिच्यापुढे जमिनीचा सातबारा धरला तरी ती सही करील. त्याला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सिझरच्या फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांत "संशोधनासाठी ऊती वापरण्यास हरकत नाही" अशी ओळ घालणे हाही तोच प्रकार. ऑपरेशनची संमती आणि संशोधनाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे कागदही वेगळे असावेत. सहाव्या-सातव्या महिन्यात तपासणीला आलेली बाई बाकावर तास-तास बसून असते. तेव्हा सांगा, कागद घरी न्यायला द्या, पुढच्या खेपेला विचारा, आणि बाळंतपणाच्या दिवशी तिला बोलता येत असेल तर पुन्हा एकदा विचारा. ती "नको" म्हणाली तर तिच्या खाटेवरची चादर बदलायला उशीर होणार नाही, हेही तिला सांगा. आमच्या बायकांना नेमकी हीच भीती असते.

भाषेची अडचण आमच्यासारख्यांना जास्त जाचते, पण ती आमच्यापुरतीच नाही. तंजावर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या तमिळ बोलणाऱ्या बायकांनाही छापील तमिळ फॉर्म वाचून समजतो असे नाही. सांगलीहून आलेल्या सुनेचा तर प्रश्नच नाही. तिच्या वतीने नवरा सही करतो आणि सासू मान हलवते. मग फॉर्म रेकॉर्ड करून मोबाइलवर ऐकवायला काय हरकत आहे? मराठी, तेलुगू, सौराष्ट्री, हिंदी, जी भाषा तिला घरात लागते त्या भाषेत, चार मिनिटांत, एका नर्सच्या आवाजात. आणि सही तिचीच हवी. गर्भाशय तिचे आहे. नवऱ्याच्या सहीने ते उघडता येत नाही.

तिसरी तक्रार सर्वांत कडू आहे. ज्या देशात संशोधनाला तुकडा मिळत नाही म्हणून आपण नवनव्या सुया शोधतो, त्याच देशात अख्खी गर्भाशये कचऱ्यात जातात. बीडची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सोळा-सतरा जणी. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर आहे, आणि त्यातली दोन तृतीयांशांहून अधिक ऑपरेशने खासगी दवाखान्यांत होतात. पाळीच्या दिवसांतही कामाला खाडा करायचा नाही, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, आणि डॉक्टर म्हणतो की पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला. विनाकारण पिशव्या काढणे रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे राज्यांना सांगितले.

थिएटरमध्ये उभे राहून मी काय पाहिले, ते सांगते. काढलेली पिशवी किडनी ट्रेमध्ये ठेवतात. थिएटरचे दार अर्धे उघडून बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना दाखवतात: "बघा, केवढी सुजली होती." नातेवाईक घाबरून मान हलवतात. दार बंद होते. पुढे कधी तुकडे फॉर्मलीनच्या बरणीतून पॅथॉलॉजीकडे जातात. कधी, "रिपोर्टचे पैसे वेगळे पडतील" म्हटल्यावर नातेवाईक नको म्हणतात आणि पिशवी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या बॅगेत पडते. ती बाई घरी जाते तेव्हा तिच्या हाती डिस्चार्ज कार्ड असते. पिशवीला खरोखर काय झाले होते, याचा कागद नसतो.

म्हणून मागणे असे: काढलेले प्रत्येक गर्भाशय पॅथॉलॉजीकडे गेलेच पाहिजे, आणि रिपोर्ट बाईच्या हाती पडला पाहिजे. तिने वेगळी परवानगी दिली तर त्यातला ताजा तुकडा संशोधनाला घ्या. तिच्या अंगावर एकही नवा ओरखडा उठत नाही, आणि वरच्या जाड भागाचा स्नायूही मिळतो. यापेक्षा कमी इजेची पद्धत कुठल्या दुर्बिणीत आहे? हा गर्भार नसलेल्या गर्भाशयाचा स्नायू, कळांचे सगळे प्रश्न त्याने सुटणार नाहीत, हे खरे. पण गाठी, ॲडेनोमायोसिस, पाळीतला अतिस्राव या दुखण्यांवर तो पुष्कळ बोलेल. आणि पिशवी "खराब" होती की नव्हती, हेही सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच अंशी दिसेल. पुढच्या बीडला आळा घालायला पोलीस चौकीपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल. एक सावधगिरी मात्र पाळा. ज्याला तुकडा हवा आहे, त्याने पिशवी काढायची की नाही हे ठरवू नये. दोन माणसे वेगळी, दोन सह्या वेगळ्या. नाहीतर नमुन्याची गरज हेच ऑपरेशनचे एक कारण होऊन बसेल.

चौथी तक्रार हिशेबाची. आमच्या घरात टंच, म्हणजे शुद्धता, काढायला घेतलेला सोन्याचा कणही वहीत चढतो. किती घेतला, काय निघाले, किती परत दिले, हे गिऱ्हाईक न विचारता सांगायचे, नाहीतर पेढीचे नाव जाते. आपल्या वहीत मात्र बाईला दाखवायचे पान नसते. तुकडा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जातो, त्याला नंबर मिळतो, थिसिस होतो, शोधनिबंध छापला जातो. पाच वर्षांनी तोच तुकडा दुसऱ्याच प्रश्नासाठी बाहेर निघतो. ती बाई त्या वेळी मुलाला शाळेत सोडत असते, तिला यातले काही कळत नाही. आयसीएमआरच्या तत्त्वांत संमतीचे प्रकार सांगितले आहेत: एकाच कामापुरती, टप्प्याटप्प्याने निवडायची, किंवा पुढच्या कामांसाठी मोकळी. हे पर्याय बाईपुढे ठेवले तर ती निवडू शकते. इथे बहुतेक वेळा सगळ्यांत मोकळा पर्याय तिच्या वतीने दुसऱ्यानेच निवडलेला असतो.

नोंदी आणि बाळंतिणीची काळजी या दोन्ही गोष्टी तंजावरला नव्या नाहीत. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. याच राजाने १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात छत्रांची, म्हणजे धर्मशाळांची, व्यवस्था सांगितली आहे. छत्रात आलेल्या गरोदर बाईचे बाळंतपण सरकारी खर्चाने व्हावे, औषधे मिळावीत, आणि नंतर तीन महिने तिला तिथे राहू द्यावे. दोनशे वर्षांपूर्वी वाटसरू बाईला जे मिळत होते, त्यातले निदान एक तरी आज मागावे: तुकडा घेतलेल्या बाईची तिसऱ्या महिन्यापर्यंत संशोधकांनी स्वतः चौकशी करावी. रक्त गेले का, ताप आला का, पाळी सुरू झाली का. आणि अभ्यास संपल्यावर, काय सापडले, हे एका पानावर तिच्या भाषेत पाठवावे. काही सापडले नाही तरी पाठवावे.

बायकांनी दिलेले परत न पोचण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत आयसीएमआरच्याच संस्थेने गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल दिसलेल्या हजारावर बायकांचा, लेखी संमतीवाचून, नुसता पाठपुरावा केला. १९९७ मध्ये ते उघडकीला आल्यावर गदारोळ झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवून दिले, की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात. आमच्या तमिळनाडूतल्या दिंडुक्कलच्या अभ्यासाने साध्या व्हिनेगरच्या तपासणीचा उपयोग सिद्ध केला. जगभरची धोरणे या बायकांच्या भरवशावर लिहिली गेली. पण तुलनेसाठी तपासणीवाचून ठेवलेल्या गटातल्या बायकांचे काय, हा वाद नंतर कित्येक वर्षे चालला. उस्मानाबाद आणि दिंडुक्कलच्या किती बायकांना ठाऊक आहे, की त्यांच्यामुळे जगात काय बदलले? त्यांना हे सांगायला फार खर्च आला नसता.

पाचवी गोष्ट तक्रारीपेक्षा आठवण आहे. प्रत्येक प्रश्नाला स्नायू लागत नाही. बेळगावला झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेड्यांतल्या उपकेंद्रांवरच्या नर्सबाईंनी १,६२० बाळंतिणींपैकी अर्ध्याजणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि अर्ध्याजणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या. रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. या अभ्यासासाठी तिथे प्लास्टिकची एक साधी चादर बनवली, बाईच्या खाली घालायची, टोकाला मापाच्या खुणा असलेली पिशवी. रक्त किती गेले हे डोळ्यांनी अंदाजायचे नाही, वाचायचे. अशीच मापाची चादर आणि उपचारांची एक जुडी वापरून चार आफ्रिकी देशांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर अभ्यास झाला, आणि २०२३ मध्ये दिसले की गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी हानी ६० टक्क्यांनी घटली. गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये २०१५ पासून 'गर्भिणी' हा अभ्यास वेळेआधीच्या बाळंतपणाची कारणे रक्त, लघवी, वार यांतून शोधत आहे. पोटावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी गर्भाशयाच्या विजेचा आलेख काढता येतो. म्हणून कमिटीपुढे प्रस्ताव आला की पहिला प्रश्न हा विचारा: स्नायूच का? वार फेकून द्यायचीच आहे, तिच्यातून उत्तर मिळत नाही का? उत्तर "स्नायूच हवा" असे आले, तर आमची हरकत नाही.

शेवटचे मागणे कमिट्यांकडे. आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे कमिटीत सामान्य लोकांतला एक सदस्य असतो. बऱ्याचदा ती खुर्ची एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांना किंवा ओळखीच्या व्यापाऱ्यांना मिळते. माणसे सज्जन असतात, पण लेबर रूमचे दार त्यांनी बाहेरूनच पाहिलेले असते. गर्भाशयासंबंधीच्या प्रस्तावावर बसताना त्या खुर्चीवर बाळंत झालेली एक बाई हवी, आणि शेजारी लेबर रूममध्ये वर्षे काढलेली एक नर्स. कागद वाचून तिला एवढे सांगता आले पाहिजे, की हा फॉर्म पहाटे तीनला कळा घेणाऱ्या बाईला कुणी समजावू शकत नाही.

कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर तिरुकरुगावूरला गर्भरक्षांबिकेचे देऊळ आहे. दिवस राहावेत म्हणून बायका तिथून मंत्रलेले तूप नेतात, आणि दिवस भरत आले की सुखाने सुटका व्हावी म्हणून पोटाला लावायला एरंडेल. तमिळनाडूतल्या आणि बाहेरच्याही जोडप्यांची तिथे रीघ लागलेली असते. शास्त्राची आणि देवळाची तुलना मला करायची नाही. तिथे निघालेल्या बायकांना वाटेत गाठून तुमच्या अभ्यासाबद्दल नीट सांगा, एवढे सुचवते. मी ओळखते त्या बायका साध्या आहेत, पण मूर्ख नाहीत. "माझ्या लेकीच्या बाळंतपणात रक्त जाऊ नये म्हणून तुझा एक कण दे" असे समजेल अशा शब्दांत विचारले तर त्यातल्या कितीतरी हो म्हणतील. न विचारता घेतलेल्या तुकड्याने थिसिस होईल, पण पुढच्या वेळी त्याच वाड्यातली दुसरी बाई तुमच्या दवाखान्यात यायला कचरेल.

मराठी आणि तमिळ फॉर्म साध्या भाषेत लिहायला, ते मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायला आणि पहिल्या काही बायकांना समजावताना सोबत बसायला मी तयार आहे. मानधन नको. येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हे मुद्दे घ्या आणि काय ठरले ते लेखी कळवा, म्हणजे पुढच्या खेपेला त्या सुनेला दवाखान्यात नेताना मला तिला उत्तर देता येईल.



आपली,
कुंभकोणममधली एक निवृत्त परिचारिका